क्रेन सोपी झाली, पण कोणासाठी?



आपल्या कोणत्याही वस्तीत चार घरे फिरावे, एखाद्या घरातला मुलगा बांधकामाच्या सायटीवर असतोच. कोणी मेट्रोच्या कामावर, कोणी उड्डाणपुलावर, कोणी दूर सौदी-दुबईला. आईला विचारले तर ती अभिमानाने सांगते, "आमचा पोरगा क्रेनवर आहे." पण क्रेनवर म्हणजे नेमका कुठे? तो क्रेन चालवतो, हुकात स्लिंग अडकवतो, खालून हाताने इशारे करतो, की क्रेनचा बूम जोडताना घण घेऊन पिना ठोकतो? या चार कामांच्या पगारात फरक आहे आणि जिवाच्या धोक्यात त्याहून मोठा फरक आहे. तो फरक घरातल्या माणसांना ठाऊक असावा, म्हणून या वेळी आम्ही फिरत्या क्रेनचा विषय घेतला आहे.

आमच्या बापजाद्यांनी रेल्वेचे रूळ खांद्यावर वाहिले, गोदीत पोती पाठीवर घेतली, सायटीवर आयाबहिणींनी घमेली डोक्यावर चढवली. ते ओझे यंत्राने उतरवले, याबद्दल यंत्राला दोष देणारे आम्ही नव्हे. यंत्र हवेच. परंतु यंत्र आले की एक प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ते सोपे झाले, म्हणजे कोणासाठी सोपे झाले? मालकासाठी, की हाताने काम करणाऱ्यासाठी?

दोन बाजूंचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, कचेरीत खतावण्या लिहिणारे. क्रेन आम्हाला समजली ती हिशेबाच्या वाटेने. खतावणीच्या दोन बाजू जुळाव्या लागतात, तशाच क्रेनच्याही. एका बाजूला उचललेले वजन, दुसऱ्या बाजूला क्रेनचे स्वतःचे वजन आणि मागे लावलेले काउंटरवेट. मात्र येथे नुसते टन मोजून चालत नाही. टनाला अंतराने गुणावे लागते. 5 टनांचा माल क्रेनपासून 4 मीटरवर लटकला, तर हिशेब होतो 20. तोच माल 8 मीटरवर नेला, तर 40. माल तोच, दोर तोच, पण क्रेनला उलथवणारा जोर दुप्पट.

म्हणून क्रेनवर "50 टन" असे लिहिले असले, तरी ती कुठेही 50 टन उचलते असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा माल अगदी जवळ असतानाचा असतो. बूम लांब करून बाहेर झुकवला की ताकद झपाट्याने उतरते. तीच क्रेन दूरवर जेमतेम दोन-चार टन पेलते. किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता प्रत्येक क्रेनच्या केबिनमध्ये असायला हवा. त्याला लोड चार्ट म्हणतात. दुकानदाराच्या वजनकाट्याइतकाच तो महत्त्वाचा आहे.

यातून आखणी करणाऱ्या इंजिनियरची अडचण कळते. क्रेन उलथू नये म्हणून ती जड हवी, आणि रस्त्याने जावी म्हणून ती हलकी हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गेल्या पंचाहत्तर वर्षांतली फिरत्या क्रेनची सारी कहाणी म्हणजे या भांडणाची तडजोड आहे.

एका गवंड्याची कल्पना

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची शहरे ढिगारा होऊन पडली होती. घरे हवी होती आणि लवकर हवी होती. उंच बांधकामाला लागणाऱ्या त्या काळच्या क्रेन अवजड. त्या सायटीवर न्यायच्या, तुकड्यातुकड्यांनी उभ्या करायच्या, काम झाले की पुन्हा सोडवायच्या, यातच दिवस जात. लहान ठेकेदाराला ते परवडणारे नव्हते.

दक्षिण जर्मनीतल्या इलर नदीकाठच्या किर्शडॉर्फ गावी हान्स लीबहेर नावाचा माणूस घरचा बांधकामाचा धंदा पाहत होता. 1915 चा जन्म, आणि हाडाचा गवंडी. विटांचे काम शिकत वर आलेला. विटा वर चढवताना काय हाल होतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1949 साली त्याने टीके 10 नावाची टॉवर क्रेन तयार केली. ती रस्त्याने सहज नेता येई आणि सायटीवर फारसा खटाटोप न करता उभी करता येई. त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा तिला म्हणावा तसा उठाव झाला नाही. पुढे मात्र तिचीच ओढ लागली आणि त्यातून आजची जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली.

ही गोष्ट सांगायचे कारण एवढेच की, कोणते काम अवघड आहे हे ज्याच्या हातांना माहीत असते, त्याला ते सोपे कसे करावे हेही सुचू शकते. गवंडीकाम करणाऱ्या घरात इंजिनियरची बुद्धी नसते, असे कोणी म्हणत असेल तर त्याला किर्शडॉर्फचा दाखला द्यावा.

रस्ता ठरवतो क्रेनचा आकार

क्रेन किती मोठी करायची हे कारखाना ठरवतो असे आपल्याला वाटते. खरे पाहता ते रस्ता आणि पूल ठरवतात. रस्त्यावर गाडीच्या एका एक्सलने किती भार टाकावा याला कायद्याची मर्यादा असते. आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलला पूर्वी 10.2 टनांची मर्यादा होती, ती 2018 साली 11.5 टन झाली. युरोपात फिरत्या क्रेनसाठी एक्सलमागे 12 टन हे माप रूढ आहे. म्हणजे पाच एक्सलची क्रेन सुमारे 60 टनांची. त्याहून वजन वाढले, तर एक्सल वाढवा किंवा काहीतरी उतरवून मागच्या ट्रेलरवर टाका. रुंदीचेही तसेच. आपल्या मोटार वाहन नियमांत साधारण गाडीला 2.6 मीटर रुंदी चालते. त्याबाहेर गेले की खास परवानगी, पुढे-मागे झेंडेवाले, रात्रीचा प्रवास.

यावर इंजिनियरांनी काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट पोलाद. आपल्या घराच्या पत्र्याखाली जो साधा अँगल असतो, त्याच्या सुमारे चौपट ताणाचे पोलाद आज क्रेनच्या बूमला वापरतात. त्यामुळे पत्रा पातळ झाला आणि बूम हलका झाला. दुसरी गोष्ट बूमची घडी. जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या पेल्यासारखा, एकात एक सरकणारा बूम आला. मोठ्या क्रेनमध्ये आत एकच हायड्रॉलिक दांडा असतो. तो एकेक भाग बाहेर ढकलतो, तो भाग पिनेने अडकला की मागे येऊन पुढचा भाग पकडतो. चार दांड्यांचे काम एकाने केले आणि तेवढे वजन वाचले. तिसरी गोष्ट काउंटरवेट. ते आता पाच-दहा टनांच्या लाद्यांत विभागलेले असते. लाद्या मागच्या ट्रेलरवरून येतात, क्रेन स्वतःच त्या उचलून आपल्या पाठीशी ठेवते आणि हायड्रॉलिकने वर ओढून घेते.

याहून मोठे काम असेल, तर लोखंडी पट्ट्यांवर चालणारी क्रॉलर क्रेन येते. तिचा बूम जाळीदार असतो. ती रस्त्यावरून चालतच नाही. डझनावारी ट्रेलरवरून तुकड्यांनी येते आणि सायटीवर जोडली जाते. येथे इंजिनियरचा कस लागतो. कोणताही एक तुकडा ट्रेलरला झेपेल एवढाच जड हवा. बूमचे लहान तुकडे मोठ्या तुकड्यांच्या पोटात बसावेत, म्हणजे ट्रेलर कमी लागतात. काही क्रेनच्या धडाला स्वतःचे जॅक असतात. ते ट्रेलरवरूनच चार पाय खाली सोडते, वर उचलले जाते, ट्रेलर खालून निघून जातो. मग त्याच यंत्राने आपले पट्टे उचलून स्वतःला लावून घ्यायचे.

साताऱ्याच्या वांकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेल भागात ज्यांनी पवनचक्क्या पाहिल्या असतील, त्यांना याची गरज पटेल. आजच्या पवनचक्क्यांचे खांब 80 मीटर आणि त्याहूनही उंच असतात. एक उभी झाली की क्रेन दुसऱ्या जागी न्यायची. मधे घाट, ओढा किंवा विजेच्या तारा असल्या, की बूम सोडवा, न्या, पुन्हा जोडा. अरुंद वाटेने जाणाऱ्या बारीक अंगाच्या क्रॉलर क्रेन काही कंपन्यांनी याच कामासाठी काढल्या.

मुंबईकरांना दुसरे उदाहरण आठवेल. 2022 च्या नोव्हेंबरात मस्जिद बंदरजवळचा जुना कर्नाक पूल पाडायला मध्य रेल्वेने 27 तासांचा ब्लॉक घेतला होता. लोकल बंद असताना एकेक तास मोलाचा. अशा ठिकाणी क्रेन वेळेवर यावी, झटपट उभी राहावी आणि काम आटोपून बाजूला व्हावी लागते.

जिथे हात जातो, तिथे धोका

आता मुद्द्याची गोष्ट. क्रेनचे भाडे शिफ्टवर असते. ती रस्त्यात असली किंवा जोडली जात असली, तर काम शून्य आणि खर्च चालू. म्हणून मालकाला जोडणी लवकर हवी. तेही समजण्यासारखे आहे. पण क्रेनचे जितके तुकडे, तितके सांधे. जितके सांधे, तितक्या पिना. आणि प्रत्येक पिनेपाशी एक माणूस. तो माणूस बहुधा आपल्याच घरातला असतो. त्याला सायटीवर रिगर म्हणतात, खलाशी म्हणतात, नाहीतर नुसतेच "हेल्पर".

जाळीदार बूम जमिनीवर आडवा पसरून जोडतात आणि दोरांनी ताणून धरतात. सोडवताना घाई झाली, दोर ताणलेलेच राहिले आणि कोणी क्रेनकडच्या भागातली पिन ठोकून काढली, तर टनावारी बूम क्षणात खाली मोडून पडतो. बूमखाली बसून पिन ठोकणारा माणूस त्यात सापडतो. हे अपघात काम चालू असताना होत नाहीत, वजन उचलताना होत नाहीत. काम संपल्यावर, सामान आवरताना होतात. म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागतात.

अमेरिकेने 2010 साली क्रेनचे नियम नव्याने केले, तेव्हा जोडणी आणि सोडवणीवर स्वतंत्र कलमे घातली. जोडणीवर देखरेख करणारा एक जाणकार माणूस नेमलेला असला पाहिजे. दोर ताणात असताना क्रेन आणि दोराची गाठ यांच्या मधली कोणतीही पिन काढायची नाही. पुढे लोंबणाऱ्या भागाला पूर्ण आधार दिल्याशिवाय त्याच्या वरच्या पिनांना हात लावायचा नाही. पिना काढताना बूमखाली माणूस थांबवायचा नाही. कलमे साधी आहेत. परंतु असे साधे कलमसुद्धा बहुतेक वेळा कोणाचा तरी जीव गेल्यावरच लिहिले जाते.

चांगली आखणी याच्या एक पाऊल पुढे जाते. ती माणसाला "खाली बसू नको" असे नुसते बजावत नाही. खाली बसण्याची गरजच ठेवत नाही. पिना बाहेरच्या बाजूने ठोकता येतात. कुठे हायड्रॉलिक दट्ट्या बटणावर पिन सारतो आणि घणाचे कामच उरत नाही. बूमवर चालायला फळी आणि धरायला कठडा असतो. पिन हरवू नये म्हणून तिची जागा बूमवरच केलेली असते. क्रेनचा कोणता पाय किती उघडला आहे हे संगणकाला कळते आणि तेवढेच वजन तो उचलू देतो. याला आम्ही खरी सोपी क्रेन म्हणतो. तिने मालकाचा वेळ वाचतो आणि कामगाराचा हात धोक्याबाहेर राहतो.

आपल्याकडची आठवण अजून ओली आहे. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि 20 माणसे गेली. ती फिरती क्रेन नव्हती. पण कूळ तेच. तुकड्यांनी आणलेले, जागेवर जोडलेले, उंचावर चढवलेले लोखंड. खाली आणि वर होती ती माणसे पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेली होती.

हायड्रा : सगळ्यात सोपी, म्हणूनच सावध

आपल्या मुलांचा रोजचा संबंध या महाकाय क्रेनशी कमी आणि "हायड्रा"शी जास्त येतो. हे खरे तर एका मॉडेलचे नाव, पण डालड्यासारखे ते सगळ्यांनाच चिकटले. ट्रॅक्टरच्या चालीची, पुढे बूम असलेली, माल हुकाला लटकवून चालत जाणारी ही क्रेन. तिला ट्रेलर नको, जोडणी नको, पाय उघडणे नको. रस्त्याने आली, माल उचलला, गेली. नेण्या-आणण्याच्या दृष्टीने याहून सोपी आखणी कोणती? आपल्या देशातल्या अरुंद गल्ल्या आणि लहान ठेकेदार यांना ती बरोबर मानवली.

पण सोपेपणाची किंमत इथेही कोणीतरी देतो. पाय उघडायचे नाहीत म्हणून जमीन तपासायची सवय राहत नाही. माल लटकलेला असताना गाडी वळली, उतारावर आली किंवा चाक खड्ड्यात गेले, की माल झोके घेतो आणि हिशेबाची बाजू फिरते. ऑपरेटरच्या नजरेआड बूम आणि माल येतो. मग माल हलू नये म्हणून एक हेल्पर मालाला हात लावून सोबत चालतो. तो मागे चालतो आहे, की चाकापुढे आला आहे, हे ऑपरेटरला दिसतही नाही. नव्या मॉडेलांत केबिन पुढे घेऊन ही अडचण कमी केली आहे. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. मालाला हाताने धरायचे नाही, दोरी बांधून लांबून धरायचे, हा नियम घरातल्या पोराला दहा वेळा सांगावा.

जमिनीचाही हिशेब एकदा मांडू. पाय उघडणाऱ्या क्रेनच्या एका पायावर 40 टन आले आणि पायाखालची थाळी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असली, तर एका चौरस मीटरला 160 टन दाब पडतो. त्याच पायाखाली दीड मीटर लांबी-रुंदीचा मजबूत लाकडी किंवा लोखंडी पाट घातला, तर तो दाब 18 टनांच्या आत येतो. पावसाळ्यातली आपली काळी माती या दोन आकड्यांतला फरक बरोबर ओळखते. पाट आणायला वेळ लागतो म्हणून कोणी दोन फळकुटे सरकवत असेल, तर तो वेळ वाचवत नाही, उधारी वाढवत आहे.

घरातून काय करता येईल

पहिले, आपला मुलगा किंवा भाऊ क्रेनपाशी नेमके काय करतो, ते विचारा. लोड चार्ट पाहिला आहेस का? इशारे देणारा माणूस एकच आहे का, की तिघे तीन दिशांनी ओरडतात? वारा सुटल्यावर काम थांबवतात का? बूम सोडवताना तू कुठे उभा असतोस? या प्रश्नांना आईला इंजिनियर व्हावे लागत नाही.

दुसरे, बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. 2020 साली संसदेने केलेल्या सुरक्षा संहितेत तो सामावला आहे. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात 90 दिवस बांधकामावर भरलेल्या कामगाराची तेथे नोंदणी होते. रिगर आणि हेल्परही त्यात येतात. दाखल्यासाठी ठेकेदार टाळाटाळ करत असेल, तर चार घरांनी मिळून जावे. एकट्याला हाकलणे सोपे असते.

तिसरे, हेल्पर म्हणून लागलेला पोरगा दहा वर्षांनीही हेल्परच राहू नये. ऑपरेटरचे, रिगिंगचे रीतसर प्रशिक्षण घेता येते. प्रमाणपत्र हातात असले की मोठ्या प्रकल्पावर आणि परदेशातही किंमत वाढते. "पिन काढ" म्हणणाऱ्या मुकादमाला "आधी दोर सैल करा" असे सांगायची हिंमतही त्या कागदाने येते.

आणि चौथे आमच्या मनातले. आपल्या वस्तीत मेकॅनिकलचा डिप्लोमा, डिग्री करणारी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांनी नोकरीच्या शोधात असताना एकदा सायटीवरच्या काकाला, मामाला जवळ बसवून विचारावे, की कोणती पिन काढताना तुझा जीव वर-खाली होतो. त्याचे उत्तर कॉलेजच्या पुस्तकात मिळायचे नाही. क्रेनचा नकाशा ज्या टेबलावर काढला जातो, तिथेच कामगाराने बूमखाली बसायचे की बाहेर उभे राहायचे हे ठरून जाते. त्या टेबलाशी आपल्या घरातला कोणी बसला, तर खाली बसणाऱ्याची आठवण त्याला वेगळी करून द्यावी लागणार नाही.